मनगट सोडायला शिकताना

गोल्फमध्ये चेंडू आणि क्लब (चेंडू मारायची काठी) यांची गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद पडते. क्लब वरून खाली चेंडूपर्यंत येतो तो डाउनस्विंगही साधारण पाव सेकंदात आटोपतो. एवढ्या वेळात "आता मनगट फिरव" असा निरोप मेंदूनं हाताला पाठवायचा, हातानं तो ऐकायचा आणि तसं करायचं, हे होण्यासारखं नाही. रिलीज शिकायला निघालेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. क्लब मागे वर नेताना, म्हणजे बॅकस्विंगमध्ये, मनगटं वर दुमडतात आणि (उजव्या हातानं खेळणाऱ्याचा) डावा हात व शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, यांच्यात काटकोन होतो. खाली येताना तो काटकोन कुठवर टिकतो, कुठे उघडतो आणि उघडताना क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कोणीकडे बघत असतो, या सगळ्याला मिळून रिलीज म्हणतात. काटकोन खांद्यापाशीच उघडला तर क्लबचा वेग चेंडूपर्यंत पोचायच्या आत खर्च होऊन जातो. उशिरा उघडला पण फेस उजवीकडे बघत राहिला, तर चेंडू उजवीकडच्या झाडांत. आणि हात थांबले, क्लबहेड (क्लबचं डोकं) हातांच्या पुढे निघून गेलं, तर त्याला फ्लिप म्हणतात. माझं दुखणं हेच होतं.

ते माझ्या लक्षात आलं अंतरांवरून. माझ्या सेव्हन आयर्नचा चेंडू आणि त्याहून जवळ मारायच्या पिचिंग वेज या क्लबचा चेंडू जवळपास एकाच जागी पडायचे. सेव्हन आयर्नचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेपणा) ३० ते ३४ अंश, वेजचा ४५ च्या आसपास; दोन्हींत चांगलं तीस-चाळीस यार्डांचं अंतर पडायला हवं. पण फ्लिपमध्ये शाफ्ट मागे कलतो, तेवढा लॉफ्ट वाढतो आणि हातातली सेव्हन आयर्न चेंडूपाशी येईपर्यंत नाइन आयर्न झालेली असते. चेंडू उंच जातो, दिसायला छान दिसतो, आणि ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, बराच अलीकडे पडतो. उंच गेलेला चेंडू बघून आजूबाजूचे "वा, मॅडम!" म्हणायचे. त्या कौतुकामुळे मूळ प्रश्न बरेच दिवस झाकलेला राहिला.

मग फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. सेकंदाला २४० फ्रेम म्हणजे डाउनस्विंगच्या वाट्याला साठेक फ्रेम येतात. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलं की चेंडूच्या अलीकडच्या दोन-तीन फ्रेममध्ये सगळं उघडं पडतं. चांगल्या खेळाडूच्या व्हिडिओत आयर्नचा शॉट लागताना हात चेंडूच्या पुढे असतात, शाफ्ट लक्ष्याकडे कललेला असतो, डावं मनगट सपाट. माझ्या व्हिडिओत हात उजव्या मांडीपाशीच रेंगाळलेले, क्लबहेड त्यांना ओलांडून पुढे गेलेलं आणि डावं मनगट मागे मोडलेलं.

याचं मूळ कुठे आहे ते मला हळूहळू उमगलं. मी कॉलेजात बॅडमिंटन खेळायचे. आमच्या घरात नंदू नाटेकरांच्या मनगटाच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. ते मूळचे सांगलीचे. १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. ते शेवटच्या क्षणी मनगट वळवून समोरच्याला कसे फसवायचे, ते वडील हातात रॅकेट नसतानाही करून दाखवत. आम्हीही तासन्‌तास तेच घोटलं. बॅडमिंटनमध्ये ज्याला आपण मनगट म्हणतो ते बहुतांशी कोपराखालच्या हाताचं वळणं असतं. स्मॅश मारताना उजवा हात आतल्या बाजूला झर्रकन वळतो आणि रॅकेटचा वेग तिथूनच येतो. माझ्या उजव्या हातात ते वळण इतकं मुरलेलं, की गोल्फचा क्लब हातात आल्याबरोबर उजवा हात आपलं काम ओळखून पुढे व्हायचा. पण रॅकेट शंभर ग्रॅमच्याही आत असते आणि एका हातात असते. सेव्हन आयर्नचं नुसतं डोकंच २७० ग्रॅमच्या आसपास, तेही जवळजवळ मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला, आणि दांडा दोन हातांत. उजव्या हातानं घाई केली की डाव्याला मागे मोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, क्रिकेटमधून आलेले लोक बरेच दिसतात. त्यांचा प्रश्न माझ्या अगदी उलट असतो. सरळ बॅटनं खेळण्याचे संस्कार झालेले असल्यामुळे ते फेस लक्ष्याच्या रेषेत धरून ठेवू पाहतात, हात वळूच देत नाहीत, आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. पण हेच लोक पुल मारताना चेंडू खाली ठेवायला मनगटं वळवत आलेले असतात. त्यांना पुलची आठवण करून दिली की गाडी लवकर रुळावर येते, असं आमचे कोच सांगतात. मला तसा हाताशी असलेला शॉट नव्हता. म्हणजे होता, पण तो उजव्या हाताचा. गोल्फमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात जे करतो ते बॅडमिंटनच्या बॅकहँडसारखं आहे, आणि माझ्या डाव्या हातानं आयुष्यात कधी बॅकहँड मारलेलाच नव्हता.

रेंजवर फुकट सल्ला भरपूर मिळतो. "मनगट फिरवा", "उजवा हात डाव्यावर घाला", "शेवटी झटका द्या." सगळे आपुलकीनं सांगतात आणि त्यात तथ्यही असतं, कारण व्हिडिओत चांगल्या खेळाडूचे हात तसेच दिसतात. पण दिसतं ते परिणाम म्हणून दिसतं. मुद्दाम फिरवायला गेलं की एक चेंडू डावीकडे पिळवटून जातो, दुसऱ्याला मन घाबरतं आणि तो उजवीकडे जातो. दोन्हींच्या मधला सरळ चेंडू निव्वळ योगायोगाचा.

मी ज्यांच्याकडे शिकले ते कोच वयानं माझ्याहून बरेच लहान. लहानपणी कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या क्लबांची पिशवी वाहत, काम करत करत खेळ शिकलेले. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चेंडू मारू दिला नाही. क्लब वर नेऊन तिथेच थांबायला सांगितलं, मागून फोटो काढला आणि दाखवला. क्लबचा फेस उघडा (तसाच खाली आला तर उजवीकडे बघेल असा) होता, क्लबहेडचं टोक सरळ जमिनीकडे लोंबत होतं. म्हणाले, "मॅडम, हातांना दोष देऊ नका. फेस वरूनच उघडा येतोय. हात बिचारे तो बंद करायला धावतात."

मला सांगायचं आहे ते सारं या एका वाक्यात आहे. उघडा फेस घेऊन खाली येणारा माणूस मनगट आवळून हात पुढे नेऊ शकत नाही. नेले तर चेंडू भलताच उजवीकडे जाईल, हे शरीराला कळतं. मग शरीर थांबतं, आणि क्लबहेड फेकून फेस कसाबसा सरळ केला जातो. फ्लिप म्हणजे शरीरानं स्वतःहून शोधलेला उपाय आहे. तो नुसता बंद करायला सांगून चालत नाही. त्याची गरजच संपवायला लागते.

गरज संपवायची सुरुवात ग्रिपपासून, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीपासून झाली. सरांनी माझा डाव्या हाताचा ग्लोव्ह उलटसुलट करून पाहिला. तळव्याच्या खालच्या मांसल भागाशी भोक पडलेलं होतं. क्लब तळव्यात आडवा धरला की तो तिथे घासतो, आणि तळव्यात धरलेल्या क्लबवर मनगट नीट दुमडतही नाही. क्लब बोटांच्या मुळांतून तिरका जायला हवा आणि तळव्याची ती गादी वरून टेकायला हवी. शिवाय डावा हात थोडा उजवीकडे वळवला, इतका की खाली बघितल्यावर मुठीवरचे दोन-अडीच उंचवटे दिसावेत. पूर्वी एकच दिसायचा. बदल केवढासा, पण क्लब हातात परका वाटायला लागला. पहिले काही आठवडे मी घरी टीव्ही बघताना क्लब नुसता धरून बसत असे. माझ्या मते हा सरावातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नवी ग्रिप चेंडूसमोर शिकता येत नाही. चेंडू दिसला की हात जुन्या जागी परततात.

मग मनगटाच्या हालचाली वेगवेगळ्या ओळखायला शिकले. वाचता वाचता करून बघा. डावा हात हस्तांदोलनाला पुढे करतो तसा धरा, अंगठा वर. अंगठा स्वतःकडे उचला आणि परत खाली टाका. ही दुमडण्याची आणि उघडण्याची हालचाल, हातोडा मारताना होते ती. आता हाताची मागची बाजू कोपराकडे झुकवा, मग उलट तळवा आत झुकवा, ही दुसरी. आणि तिसरी, तळवा आकाशाकडे वळवा. ही मनगटाची नाहीच, कोपराखालच्या हाताची आहे. रिलीजमध्ये तिन्ही एकत्र चालतात. दुमडलेलं मनगट उघडतं, कोपराखालचा डावा हात वळतो, आणि या सगळ्यात मागची बाजू मात्र मागे मोडायची नसते, निदान चेंडू जाईपर्यंत तरी. लोक "मनगट सोडा" म्हणतात तेव्हा पहिली हालचाल म्हणतात की दुसरी, हे सांगत नाहीत. मी पहिली सोडायची ती दुसरी सोडत होते.

फेस लवकर सरळ करण्यासाठी सरांनी जे शिकवलं त्याला बाहेरचे कोच मोटरसायकलची मूठ म्हणतात. बॅकस्विंग संपून खाली यायला लागतानाच डावी मूठ अशी वळवायची की मुठीचे उंचवटे जमिनीकडे जातील. मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर उजव्या हाताचा, त्यामुळे मला ते पटकन समजेना. मग वडिलांची चेतक डोळ्यांपुढे आली. तिच्यावर गिअर डाव्या मुठीनं बदलायचे. तशी मूठ पुढच्या बाजूला फिरवायची, बस. त्यानं डावं मनगट सपाट होतं, किंचित आत झुकतं, आणि हात कमरेपर्यंत येईतो फेस जवळजवळ तयार असतो. पुढे शेवटच्या क्षणी करायचं काही उरत नाही.

मोठ्या खेळाडूंचे मनगटाचे प्रकार वेगवेगळे असतात, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो. डस्टिन जॉन्सन आणि जॉन राम यांचं डावं मनगट वरच स्पष्ट आत झुकलेलं दिसतं. बेन होगनला हुकनं, म्हणजे डावीकडे जोरात वळणाऱ्या चेंडूनं, तरुणपणी फार छळलं होतं. त्यानं पुढे ग्रिपमधला डावा हात डावीकडे वळवला आणि त्याचं मनगट वर उलट, मागे झुकलेलं असायचं. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर एका खेळातले वाटणार नाहीत. पण चेंडूपाशी आले की तिघांचंही डावं मनगट सपाट किंवा आत झुकलेलंच. वर कसं असावं हे ज्याच्या त्याच्या अंगकाठीवर आणि ग्रिपवर ठरतं. खाली काय हवं यात मतभेद नाही.

चेंडू मारायला परवानगी मिळाली ती कमरेपासून कमरेपर्यंतच्या छोट्या स्विंगनं. क्लब मागे कमरेइतका, टोक आकाशाकडे. पुढे कमरेइतका, पुन्हा टोक आकाशाकडे. चेंडू वीस-तीस यार्ड जाणार. याच्या जोडीला काडीचा सराव होता. रेंजवर दिशा आखायला ज्या लांब काड्या मिळतात, त्यांतली एक क्लबच्या मुठीला समांतर अशी हातात धरायची की तिचं वरचं टोक डाव्या कुशीच्या बाहेर, वीतभर वर जाईल. चेंडू जाईपर्यंत हात पुढे राहिले तर काडी अंगाला लागत नाही. फ्लिप झाला की बरगडीवर फटका बसतो. कोणत्याही माणसानं दिलेल्या सूचनेपेक्षा ही काडी प्रामाणिक. ती त्याच क्षणी सांगते, आणि खोटं कधीच सांगत नाही.

काडी लागू नये म्हणून मी सुरुवातीला हात आवळून धरू लागले. काडी लागेना, पण चेंडूला जीवही राहिला नाही. इथे दुसरी मोठी गोष्ट शिकायला मिळाली. हात पुढे न्यायचे नसतात, छातीनं न्यायचे असतात. छाती चेंडूपाशी थांबली की हात थांबतात, आणि हात थांबले की क्लबहेड त्यांना ओलांडतं. छाती वळत राहिली तर हात आपसूक पुढे असतात, मनगटं सैल असली तरी. सर माझ्या समोर उभे राहून म्हणायचे, "शर्टाची बटणं लक्ष्याला दाखवा." कुर्ता घालून गेले त्या दिवशीही तेच वाक्य.

सैल मनगटांवर विश्वास बसायला मला भौतिकशास्त्राची मदत झाली. हात आणि क्लब मिळून दुहेरी लंबक होतो. खांद्यापासून मुठीपर्यंत पहिला, मुठीपासून क्लबहेडपर्यंत दुसरा, आणि मनगट म्हणजे मधली बिजागरी. पहिला लंबक वळणावर मंदावतो, मूठ आत आणि वर ओढली जाते, तेव्हा दुसरा आपोआप बाहेर फेकला जातो. काटकोन उघडणारी शक्ती ही. मी वहीत साधा हिशेब केला. २७० ग्रॅमचं डोकं, ताशी ९० किलोमीटर वेग, सव्वा मीटरची त्रिज्या धरली तर क्लब बाहेरच्या बाजूला साधारण १४ किलो वजनाइतका ओढला जातो. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायच्या क्लबला) ही ओढ कितीतरी जास्त. एवढी ओढ असताना मनगट उघडायला आपण आणखी जोर लावायची गरज कुठे? बिजागरीनं मोकळं राहावं एवढंच तिचं काम.

हे हाताला पटवलं ते एका हाताच्या सरावानं. फक्त डाव्या हातात वेज, उजवा हात पाठीमागे, चेंडू छोट्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर). पहिल्यांदा क्लब इतका जड वाटतो की चेंडू मारणं दूरच, तो तोलणंही अवघड. हळूहळू डोक्याचं वजन जाणवायला लागतं. ते कधी मागे राहतं, कधी खाली पडतं, कधी पुढे निघून जातं, हे कळायला लागतं. आणि एखादा शॉट असा लागतो की हातात काहीच जाणवत नाही, चेंडू मात्र ठणठणीत जातो. त्या दिवशी मी सरांकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा चेंडू टीवर ठेवला. माझ्या डाव्या हाताला बॅकहँड सापडला होता. मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

रेंजवरच्या मॅटवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या चटईवर, मात्र भरवसा ठेवू नये. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरून पुढे जातो, आवाजही बरा येतो, चेंडूही जातो. गवतावर तोच शॉट मातीत रुततो. पावसाळ्यात रेंजवर मॅटशिवाय पर्याय नसतो, तेव्हा फ्लिप बेमालूम परत येतो. पुण्याच्या उन्हाळ्यात जमीन टणक होते, गवत विरळ होतं. तेव्हा क्लब मागे टेकला तर उसळतो आणि चेंडूच्या पोटावर बसतो, चेंडू सरपटत जातो. माझ्या दृष्टीनं एप्रिल-मे हे रिलीज तपासायचे खरे महिने. सरांनी त्यासाठी बंकर, म्हणजे कोर्सवरचा वाळूचा खड्डा, वापरला. वाळूत एक आडवी रेघ ओढायची, चेंडू नाही, आणि रेघेवर उभं राहून स्विंग करायचा. वाळू रेघेच्या अलीकडे उडाली की लवकर सोडलं. रेघेवर किंवा पुढे उडाली की ठीक. मग पुढची रेघ. अर्ध्या तासात सगळा हिशेब वाळूवर लिहिलेला दिसतो, आणि चेंडू कुठे गेला याची धाकधूक नसल्यामुळे मन त्यात रमतं.

कोर्सवर गेल्यावर वेगळीच अडचण आली. उजवीकडे जाणारे चेंडू थांबले आणि डावीकडे जायला लागले. चेंडू निघतो कोणत्या दिशेनं हे मुख्यतः फेस ठरवतो. आयर्नला साधारण तीन चतुर्थांश, ड्रायव्हरला त्याहून थोडं जास्त. हवेत वळतो कुठे हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. माझा फेस आता वेळेवर सरळ येत होता, पण शेवटच्या क्षणीची जुनी घाई पूर्ण गेलेली नव्हती, म्हणून तो सरळ होऊन पुढे बंद होत होता. हे चांगलं लक्षण आहे, असं सर म्हणाले आणि मला ते पटलं. उजवीकडचा चेंडू आपण हात सोडायला घाबरतो म्हणून जातो. डावीकडचा चेंडू हात सोडले पण छाती थांबली म्हणून जातो. दुसऱ्याचं औषध एकच, छाती वळती ठेवणं.

सगळ्या शॉटना एकच रिलीज लागत नाही, हेही कोर्सवरच उमजतं. ग्रीनच्या कडेवरून चिप, म्हणजे अगदी छोटा फटका, मारताना मनगट जवळजवळ जसंच्या तसं ठेवायचं. बंकरमध्ये फेस मुद्दाम उघडा ठेवायचा आणि बंद होऊ द्यायचा नाही, म्हणजे क्लबचा तळ वाळूवरून घसरतो. ड्रायव्हरला चेंडू टीवर आणि डाव्या पायाकडे असतो, क्लब वर जाताना लागायला हवा, तेव्हा शाफ्ट आयर्नइतका पुढे कललेला नको. एका ठिकाणी कमावलेली सवय दुसरीकडे आडवी येते. पूर्ण स्विंगच्या सरावाच्या दिवशी मी चिपिंग करत नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की हात गोंधळतात.

क्लबविषयी थोडं लिहायला हवं, कारण बायकांना याचा त्रास जास्त होतो. मी दिरांचा जुना सेट वापरत होते. ग्रिप, म्हणजे दांड्यावरची मूठ, माझ्या पंजाला जाड आणि शाफ्ट पुरुषांच्या वेगासाठी बनवलेले, कडक. बोटं ग्रिपभोवती पुरती वळतच नसतील तर क्लब तळव्यातच जाणार, आणि मग मुठी आवळून धरणंही ओघानं आलं. क्लब खेळाडूच्या मापाचे करून देणाऱ्या फिटरनं बारीक ग्रिप बसवून दिल्या. एवढ्यानं मुठीतला ताण उतरला. आपल्याकडे बहुतेक बायका घरातल्या कुणाच्या तरी जुन्या क्लबांवर शिकतात आणि जमत नाही म्हणून स्वतःच्या हातांना नावं ठेवतात. ग्रिप बदलायला नव्या सेटच्या मानानं अगदी थोडे पैसे लागतात. आधी तेवढं करून बघा, हे मी प्रत्येकीला कळकळीनं सांगते.

मध्ये उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. मनगट वाकवणारे स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात तिथे ताण येतो. मॅटवर एकामागून एक चेंडू मारण्याचा तो परिणाम. फिजिओथेरपिस्ट बाईंनी काही आठवडे क्लब बंद करायला लावला आणि एक व्यायाम दिला. हातोडी दांड्याच्या टोकाशी धरायची, कोपर शरीराला टेकवायचं आणि हातोडी सावकाश डावीकडे-उजवीकडे आडवी करायची. दुखणं शमवण्यासाठी दिलेल्या या व्यायामानं डाव्या हाताचं वळणंही सुधारलं. मी तो अजून करते, दोन्ही हातांनी.

अंतर वाढलं का, असं सगळे विचारतात. वाढलं. सेव्हन आयर्न आणि वेज यांच्यात आता जेवढं असावं तेवढं अंतर पडतं, आणि चेंडू बेताच्या उंचीवरून जातो. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो भरवसा. आपली गोल्फपटू आदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, पदक अवघ्या एका फटक्यानं हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणना कधीच नव्हती. चेंडू कुठे जाणार हे तिला माहीत असतं, त्यावर ती खेळते. आपण तिच्या पासंगालाही पुरणार नाही, पण चेंडू कुठे जाणार हे ठाऊक असण्याचं सुख थोडं थोडं मलाही मिळायला लागलं आहे.

आता राउंडच्या आधी मी ठरावीक गोष्टी करते. चेंडूशिवाय डाव्या हाताचे थोडे स्विंग, मग कमरेपासून कमरेपर्यंतचे वेजचे शॉट, आणि चेंडूपाशी जी ठेवण हवी तीत दोन क्षण थांबून ती अंगाला आठवू देणं. पहिल्या टीवर मनगटाचा विचार करत नाही. बटणं तेवढी लक्षात ठेवते. अजून अर्ध्या स्विंगचे वेज, चाळीस-पन्नास यार्डांचे, हातात बसलेले नाहीत. तिथे वेग कमी, त्यामुळे क्लबची ओढ कमी, आणि ओढ कमी झाली की उजवा हात मदतीला धावतो. सध्या सरांबरोबर तेच चालू आहे. काडी पुन्हा बाहेर काढली आहे, आणि यावेळी चेंडू मॅटवर न ठेवता रेंजच्या कडेच्या टणक, उघड्या जमिनीवर ठेवून मारतो आहोत.